पाकिटाची मागची बाजू

जून उलटला की परभणीहून जिंतूरकडे किंवा मानवतकडे जाताना बांधाबांधावर एक गोष्ट हमखास दिसते. तुराटीची काठी रोवलेली असते आणि तिच्या टोकाला बियाण्याचे रिकामे पाकीट उलटे अडकवलेले असते. कोणत्या तुकड्यात कोणते वाण टाकले, याची ती पाटी. बोंडे धरली की वाटेने जाणारे थांबतात, झाड बघतात, मग पाकीट बघतात आणि पुढच्या वर्षी दुकानात जाऊन तेच नाव सांगतात. ऊन-पावसात पाकिटावरचा लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा-काळा शेवटपर्यंत तग धरतो. दिवाळीत वेचणीला जाल तर काठीवर फिकट निळे कापसाचे बोंड तेवढे उरलेले असते.

मी परभणीच्या मोंढ्यात बावीस वर्षे एका कृषी सेवा केंद्राचा हिशेब लिहिला. शिक्षण बारावीपर्यंत. दुकानात येणारी नमुन्याची, फुटलेली, परत आलेली पाकिटे फेकवत नव्हती, म्हणून घरी नेऊ लागलो. पुढे शेतकऱ्यांकडून रिकामीही मागून घेतली. आज दोन ट्रंका भरून आहेत. आपल्याकडे आवरणांचा अभ्यास झाला तो बहुतेक शहरी वस्तूंचा. काडेपेट्या, कापडाच्या ताग्यांवरचे छाप, राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या जाहिरातींची चित्रे यांवर लिहिणारे आहेत. बियाण्याच्या पाकिटाकडे कुणी छापील मजकूर म्हणून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. खरे तर आमच्या जिल्ह्यात अनेक घरांत वर्षातली सर्वांत महागडी छापील वस्तू तीच असते.

या पाकिटांत पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. त्यांच्या धंद्याची सुरुवात पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यातून झाली होती. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे खाजगी बियाणे ही गोष्ट मराठवाड्याला बाहेरून आलेली नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना. त्यांची नावे मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. मोटारीचे सुटे भाग वाटावेत अशी. त्याआधी आमच्याकडे ज्याचे राज्य होते ते विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातले एनएचएच-४४. शेतकरी त्याला नुसते 'चव्वेचाळीस' म्हणत. आकडे हेच नाव, आणि त्यात कुणाला उणे वाटत नसे.

मग जनुक एकच आणि कंपन्या अनेक, अशी स्थिती आली. २००६ पासून बोलगार्ड-दोन आले, तेही पुष्कळ कंपन्यांनी एकाच मालकाकडून परवान्याने घेतले. किमतीला सरकारने टोपी घातली. राज्याचा कायदा २००९ चा, आणि २०१६ पासून केंद्र सरकार दरवर्षी कमाल किंमत जाहीर करते. २०२५ च्या खरिपासाठी ती ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये होती. दुकानाच्या फळीवर पंधरा पाकिटे उभी असतात, आतले अळीशी लढणारे जनुक तेच आणि किमतीचे छतही तेच. वाणावाणांत फरक नसतो असे मी म्हणत नाही. कालावधी, बोंडाचे वजन, वेचणीची सोय यांत तो असतो, पण तो गल्ल्यापाशी उभ्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसते ते नाव आणि चित्र. म्हणून नावे बदलली. 'जादू', 'मनीमेकर', 'एटीएम', 'कबड्डी'. वारंगळच्या कापूस-शेतकऱ्यांवर ग्लेन डेव्हिस स्टोन या मानवशास्त्रज्ञाचा एक निबंध २००७ साली आला. बाजारात नवे वाण इतक्या वेगाने येते की ते पारखून बघायला शेतकऱ्याला वेळच उरत नाही आणि मग गावेच्या गावे लाटेसारखी एका नावामागे जातात, असे त्यात म्हटले आहे. माझ्या हिशेबाच्या वह्यांतही त्या लाटा आहेत. एका हंगामात ज्या नावासाठी रांग, ते दोन वर्षांनी दुकानदार उधारीवर गळ्यात मारत असे.

गेल्या वर्षी पुण्यात नोकरी करणारा भाचा सुट्टीला आला होता. त्याने माझ्या ट्रंका पाहिल्या आणि म्हणाला, "मामा, हे सगळं फोटो काढून एआयला द्या, तुमचं पुस्तक आठ दिवसांत होईल." पुस्तक काही झाले नाही, पण पावसाळाभर मी रोज रात्री पाच-सात पाकिटांचे फोटो काढून त्या यंत्राला दाखवत बसलो. पुढून एक, मागून एक. कोणत्या कंपनीचे यंत्र, हे सांगायचे कारण नाही. दोन-तीन वापरून पाहिली आणि सगळ्यांचा स्वभाव सारखाच निघाला.

पहिल्या आठवड्यात मी थक्क झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. यंत्र रंग ओळखते, अक्षरांची घडण सांगते, चित्रात नजर कुठून कुठे जाते हे सांगते. हिरव्या पार्श्वभूमीवरचे पांढरे बोंड 'शुद्धता आणि विपुलता' सुचवते म्हणाले. तिरप्या अक्षरांत 'वेग' आहे म्हणाले. हे चूक नव्हते. पण पन्नासाव्या पाकिटापर्यंत माझ्या लक्षात आले की ते प्रत्येक वेळी न विचारता एकाच प्रश्नाचे उत्तर देते आहे: हे आवरण विकण्याच्या कामी किती चांगले आहे? ग्राहकावर छाप कशी पडेल, फळीवर उठून कसे दिसेल, सुधारणा कोणत्या कराव्यात. मी काही पाकीट छापायला निघालो नव्हतो.

याचे कारण त्याच्या शिकवणीत आहे. चित्र आणि शब्द यांचा मेळ घालणारी ही यंत्रे इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या ओळींवर शिकतात. २०२१ साली आलेल्या क्लिप नावाच्या एका प्रसिद्ध नमुन्याला अशा चाळीस कोटी जोड्या दाखवल्या होत्या. आता आवरणाबद्दल इंटरनेटवर लिहितो कोण? जाहिरात संस्था, आरेखनकार, विपणनाचे मास्तर. विकणाऱ्याने विकणाऱ्यासाठी लिहिलेले. बांधावर काठीला पाकीट अडकवणाऱ्याने पाकिटाबद्दल काही लिहून ठेवलेले नाही. म्हणून यंत्र तटस्थ वाटले तरी बसते ते गल्ल्याच्या आतल्या बाजूला, जिथे मी बावीस वर्षे बसलो. त्याच्यावर रागावण्याचा मला फारसा हक्क नाही.

याचा पुरावा हिरव्या रंगात सापडला. सोयाबीनच्या एका बॅगेच्या तोंडाशी शिवलेल्या हिरव्या टॅगचा फोटो मी यंत्राला दिला. हा रंग निसर्गस्नेही, सेंद्रिय, विश्वासार्ह असे सुचवतो, असे उत्तर आले. बियाण्याच्या कायद्यात टॅगचे रंग ठरलेले आहेत. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा. निळ्या टॅगमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. हिरव्यामागे कंपनीचा स्वतःचा शब्द असतो. म्हणजे ज्या रंगात यंत्राला विश्वास दिसला, तो रंग प्रत्यक्षात सांगतो की बाहेरच्या कुणी तपासलेले नाही, आम्ही म्हणतो त्यावर भरवसा ठेवा. कीटकनाशकाच्या डब्यावरही तेच. तिथल्या चौकोनात लाल म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर हे चौकोन काही दिवस वर्तमानपत्रांत छापून आले. पुढे परत डब्यांच्या मागच्या बाजूला गेले. मी यंत्राला कायदा सांगितला तर ते लगेच 'अगदी बरोबर' म्हणाले आणि पुढच्या बॅगेच्या टॅगला पुन्हा सेंद्रिय म्हणाले.

इथवर वाचून कुणी म्हणेल की यंत्र निकामी आहे. तसे नाही. मला वीस वर्षांत न दिसलेली एक गोष्ट त्याने दाखवली, तीही मी कंटाळून वेगळा प्रश्न विचारला तेव्हा. कापसाचे पाकीट अनेक राज्यांसाठी एकदाच छापतात. त्यावर तेलुगू, कन्नड, गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा लिप्यांची दाटी असते. मी विचारले, या पाकिटावर कोणता मजकूर कोणत्या भाषेत आहे, नुसती यादी कर. मत देऊ नकोस. अशा वीस-पंचवीस याद्या मी वहीत उतरवल्या आणि भिंगाने पाकिटांशी ताडून पाहिल्या. किरकोळ चुका सोडता त्या बरोबर होत्या. एका खाली एक ठेवल्यावर चित्र स्वच्छ झाले. पुढच्या बाजूला मराठी: भरघोस, टपोरे, वेचणीस सोपे, रसशोषक किडींना सहनशील. मागच्या बाजूला इंग्रजी: उत्पन्न हवामानावर आणि मशागतीवर अवलंबून राहील, आमची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती. माझ्या संग्रहातल्या पुष्कळ पाकिटांवर स्तुती मराठीत आहे आणि अटी इंग्रजीत. बियाण्याला विषारी औषध चोळले आहे, ही सूचना तेवढी बहुतेक ठिकाणी दोन्हींत आहे. कायद्याने गळ्याशी आणल्यावर.

मी ही पाकिटे हजारदा हाताळली होती. मला हे का दिसले नाही? दुकानात उभे राहून आपण पुढची बाजू वाचतो म्हणून, आणि संग्राहक झालो तरी पाकीट ट्रंकेत ठेवताना चित्र वर येईल असेच ठेवतो म्हणून. यंत्राला पुढचे-मागचे सारखेच. दोन्ही त्याच्या दृष्टीने आकड्यांचे तुकडे. माझा आणखी एक समज त्याने मोडला. बैलजोडी पाकिटांवरून गेली आणि ट्रॅक्टर आला, असे मी एका व्याख्यानात ठोकून दिले होते. यादीत बैल अजून आहेत. कोपऱ्यात गेलेत, एवढेच.

पण एक गंमतही नोंदवतो. तोच प्रश्न मराठीत विचारला की यंत्राचे उत्तर गोड, मोघम आणि आखूड येई. इंग्रजीत विचारला की तपशील, शर्ती, अपवाद सगळे येत. पाकिटाच्या दोन बाजूंशी याचा मेळ लागतो, हे मला यादी करताना सुचले होते आणि मी स्वतःशीच हसलो होतो.

विद्यापीठाच्या पिशव्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. १८ मे १९७२ ला स्थापन झालेले आमचे कृषी विद्यापीठ दर वर्धापनदिनाला खरिपाचे बियाणे विकते आणि त्या उन्हात सकाळपासून रांगा लागतात. ती पिशवी साधी. एक-दोन रंगांत छापलेले नाव, वाणाचा क्रमांक, वजन. यंत्राने तिला 'आकर्षकतेचा अभाव', 'ओळख अस्पष्ट' असे शेरे दिले आणि पानाफुलांचे चित्र सुचवले. शेजारी मी 'परभणी क्रांती' भेंडीची पाकिटे ठेवली होती. हे वाण याच विद्यापीठातले, १९८५ सालचे. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा एका रानभेंडीशी संकर करून केवड्या रोगाला दाद न देणारी ही भेंडी काढली. जालन्यात ज्या पुसा सावनीवर एक उद्योग उभा राहिला, तिच्याच वंशातले परभणीचे वाण. आज ते देशभरातल्या कितीतरी कंपन्या आपापल्या झगझगीत पाकिटांत विकतात. यंत्राने 'परभणी' हा शब्द गुणवाचक समजून त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. हे गावाचे नाव आहे, असे सांगावे लागले. मला मात्र त्यात वेगळेच दिसले. ज्या शब्दाला मुंबई-पुण्यात मागासलेपणाचा वास आहे, तो शब्द भेंडीच्या पाकिटावर हमी म्हणून छापला जातो. या नावाची पुण्याई रांगेत उभ्या माणसांना ठाऊक असते, पिशवीवर तिचे चिन्ह नसते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो.

माझी एक मामी जिंतूर तालुक्यात असते. मामा गेल्यापासून शेती तीच बघते. यंदा तिचे सोयाबीन विरळ उगवले, दहा हातांत चार रोपे. कंपनीचे नाव इथे घेत नाही, प्रकरण चालू आहे. सोयाबीनच्या बॅगेवर उगवणक्षमता किमान ७० टक्के लिहिलेली असते. २०२० च्या खरिपात हीच तक्रार सगळ्या मराठवाड्यातून इतकी आली होती की औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली होती. तालुक्याच्या समितीकडे अर्ज करायचा तर पावती, टॅग, पिशवी आणि लॉट नंबर लागतो. कृषी खाते दरवर्षी सांगते की बॅग खालून फोडा, म्हणजे वरचा टॅग आणि शिवण शाबूत राहील. मामीने घाईत वरून फोडली होती. टॅग चिखलात गेला. पिशवी सापडली ती गोठ्यात, पेंडीखाली. लॉट नंबर शाईच्या फवाऱ्याने छापलेला, अर्धा पुसलेला.

मी फोटो काढून यंत्राला दिला. दोन सेकंदांत पूर्ण नंबर आला, अक्षरे, आडवी रेघ, आकडे, सगळे नेटके. मी तो अर्जावर उतरवलासुद्धा. रात्री मामीने डब्यातून पावती शोधून काढली, तिच्यावरचा नंबर ताडला तर दोन आकडे वेगळे. यंत्राला म्हटले, खात्री आहे का? त्याने क्षमा मागितली आणि तिसराच नंबर दिला.

इथे मला त्याच्या वाचनाची रीत नीट कळली. पुसलेल्या जागी ते थांबत नाही. आजूबाजूचे पाहून तिथे काय असायला हरकत नाही ते भरते. बोंड शुद्धता सुचवते, हे म्हणणे आणि पुसलेला आकडा सहा आहे, हे म्हणणे त्याच्यालेखी एकाच जातीचे काम आहे. समीक्षेत आपणही असेच करतो, कवीने सोडलेल्या जागा भरतो आणि त्याला रसिकता म्हणतो. तिथे चूक झाली तर फार तर पुढच्या अंकात एखादे पत्र येते. लॉट नंबरात चूक झाली तर मामीचा अर्ज दुसऱ्याच बियाण्याविरुद्ध होतो आणि कंपनीचा वकील तेवढ्यावर तो निकालात काढतो.

पिशवीचे मोल इतके का, तर पेरल्यावर बियाणे उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात हेच म्हटले. कंपन्यांचे म्हणणे होते की शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणायला हवा. न्यायालय म्हणाले, शेतकरी विकत घेतलेले सगळे बी पेरतो, पुढे भांडण होईल म्हणून त्यातले बाजूला काढून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. म्हणजे शेत बोलेल, पंचनामा बोलेल, पण कोणत्या बियाण्याबद्दल बोलायचे हे सांगायला पिशवी आणि पावती एवढेच उरते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'साथी' नावाची व्यवस्था सुरू केली, तिच्यात पिशवीवरच्या क्यूआर कोडवरून बियाणे कुठून आले हे कळावे असा हेतू आहे. चांगलेच आहे. तो चौकोनही शाईचाच, आणि गोठ्यात पेंडीखालीच जाणार.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. यंत्राला पहिली आज्ञा हीच देतो की जिथे अक्षर दिसत नाही तिथे रिकामी चौकट काढ, अंदाज करू नकोस. ते दहातून सात-आठ वेळा ऐकते. उरलेल्या वेळांसाठी भिंग आहे. जुन्या याद्याही पुन्हा तपासायला घेतल्या आहेत आणि त्यांत काही ठिकाणी, जिथे पाकिटाचा तुकडा फाटलेला आहे, तिथे यंत्राने मजकूर 'वाचलेला' आढळला. तीन पाने खोडली.

मामीचा अर्ज पावतीवरच्या नंबराने गेला. कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले, निकाल यायचा आहे. दुबार पेरणीसाठी तिने विद्यापीठाचे बी कुणाकडून तरी उसने मिळवले होते, आणि पोळ्याला गेलो तेव्हा ती रिकामी पिशवी घरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेली दिसली. खालून फोडलेली. शेजारी कापसाचे पाकीट, तेही तसेच. मी पाकीट हातात घेऊन चित्र बघू लागलो.

"पुढचं कामून बघायलास?" मामी म्हणाली. "त्ये मला ठावं हाय. मागचं वाच."

मी चष्मा पुसला आणि वाचत गेलो. लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता, वजन. इंग्रजी ओळी आल्या तशा मराठीत करून सांगितल्या. किमतीपुरती जबाबदारी या वाक्याशी तिने मला थांबवले आणि ते पुन्हा सांगायला लावले. मग पाकीट माझ्या हातातून घेऊन परत खिळ्याला अडकवले, मागची बाजू वर करून.